ठिपक्याला ठिपका

२८ सप्टेंबर १९७८, गुरुवार

आमच्या घरात तीन माणसं आणि एक फियाट. त्यातल्या मोकळेपणाने बोलणाऱ्या दोघीच, मी आणि फियाट. गेले पंधरा दिवस फियाट जरा जास्तच बोलतेय. सुरू केली की पुढच्या अंगातून खडखड, खडखड, चाळणीत शेंगदाणे हलवावेत तशी.

सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना मामंजींनी बॉनेटपाशी कान नेला आणि मला म्हणाले, "टायमिंग चेन ताणलीय. सांग त्याला." हे नऊ वाजता उठले, चहाचा कप हातात धरून त्यांनीही कान लावला. "टायमिंग चेन गेली. सांग त्यांना." बापलेकाचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि ते दोघांनाही माझ्याकडून कळलं.

मे महिन्यात लग्न होऊन मी या आकुर्डीच्या घरात आले, तेव्हा हा अबोला माझ्या आधीच इथे राहायला आलेला होता. मामंजी पिंपरीला ट्रकच्या कंपनीत आहेत. साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी मुलाला तिथे चिकटवलं, आणि पर्मनंट झाल्यावर आठवडाभरात यांनी ती नोकरी सोडून स्कूटरची कंपनी धरली. घरी न सांगता. मामंजींना ही बातमी गेटवरच्या वॉचमनने दिली. तेव्हापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघे दोन टोकांना उभे आहेत. सासूबाई असत्या तर दोघांचे कान धरले असते, पण त्या जाऊन बरीच वर्षं झाली.

मी यांना विचारलं, गाडी गॅरेजला द्यायची का? नुसतं विचारलं हं. तर म्हणाले, "घरात इंजिनचा माणूस असताना?" संध्याकाळी मामंजींना विचारलं. तेही म्हणाले, "घरात इंजिनचा माणूस असताना?" दोघांच्या हिशेबात माणूस एकच होता.

१ ऑक्टोबर, रविवार

मामंजींची सुट्टी रविवारी, यांची गुरुवारी. मामंजी दुपारी साडेतीनला सुटतात, तेव्हा हे कामावर लागतात. पूर्वी यांची शिफ्ट बदलती असायची. आता मागून घेऊन कायमची सेकंड केलीय. का, तर म्हणे दुपारच्या उन्हात कंपनीतले पंखे बरे पडतात. आता थंडी येईल, तेव्हा काय सांगतात बघू.

तेव्हा गाडीची दुरुस्तीही शिफ्टमध्येच होणार. आज मामंजींनी पाणी सोडून रेडिएटर काढला, पंखा आणि पट्टा काढला. बोल्ट ठेवायला माझ्या लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या गेल्या. काम थांबवताना मला समोर उभं करून चार्ज दिला. "सांग त्याला, लांब बोल्ट एका बरणीत, आखूड दुसऱ्या. पुलीचा नट मी ढिला केलाय, उगाच जोर दाखवू नको म्हणावं."

मी सगळं पाठ केलं. कंपनीत शिफ्ट बदलताना असंच सांगतात म्हणे. तिथे निदान दोघे समोरासमोर तरी असतात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

यांनी पुली काढली, पुढचं झाकण उघडलं आणि मला हाक मारून चेन दाखवली. सायकलच्या चेनसारखीच, पण दुहेरी. खाली छोटं दातेरी चाक, वर मोठं. दोन्ही चाकं ठरलेल्या जागीच एकमेकांसमोर बसायला लागतात, दोन-तीन दात इकडचे तिकडे झाले की इंजिन रुसतं. मी म्हटलं, आपल्याच घरातलं इंजिन ते. हे हसले नाहीत.

नंतर जेवताना हळूच एक गोष्ट बोलले. निगडीला प्राधिकरणात दोन खोल्या मिळतायत. दिवाळी झाली की हो किंवा नाही कळवायचं. "असं भिंतीशी बोलल्यासारखं किती दिवस राहायचं?" म्हणाले. म्हणजे भिंत मी.

खोटं कशाला लिहू? माझा स्वतःचा ओटा, माझी मांडणी, या विचाराने दुपारभर मला गुदगुल्या होत होत्या. मग साडेतीन वाजून गेल्यावर मामंजी आले. हातपाय धुऊन, टॉवेल घडी करून दांडीवर टाकला आणि म्हणाले, "चहा तू पण घे गं." आणि माझी निगडी तिथेच विरघळली. एकदा वेगळे झालो की हा अबोला कायमचा. मामंजी स्वतःहून कधी निगडीला यायचे नाहीत, आणि हे कधी आकुर्डीला यायचे नाहीत. एकटे राहतील ते इथे. दिवाळीच्या आत या दोघांनी एकमेकांशी एक तरी वाक्य बोलावं, एवढंच मला हवंय. भांडणाचं असलं तरी चालेल.

८ ऑक्टोबर, रविवार

मी शेजारी कुसुमताईंकडे तांदूळ निवडायला घेऊन गेले होते. परत आले तो मामंजींनी चेन आणि दोन्ही चाकं काढून परातीत ठेवलेली. माझी पीठ मळायची परात! गेट रंगवून उरलेला लाल रंगाचा डबाही उघडाच टाकलेला. पुरुषांना झाकण उघडता येतं, लावता येत नाही.

"सांग त्याला, खुणा केल्यात. ठिपक्याला ठिपका आला पाहिजे. नवी चेन मी उद्या पुण्याहून आणतो."

"ठिपक्याला ठिपका? रांगोळीच की मग," मी म्हटलं.

"तेवढंच सांग," मामंजी म्हणाले. या घरात विनोद करणं म्हणजे माळावर पेरणी करणं आहे.

१० ऑक्टोबर, मंगळवार, खंडेनवमी

आज माझी या घरातली पहिली खंडेनवमी, म्हणून हौसेने पूजा मांडली. घरातलं एकूण एक हत्यार घेतलं. पाने, हातोडी, पक्कड, विळी, अडकित्ता, माझी कात्री. आणि फियाटचं सगळं सामान, नवी कोरी चेनसुद्धा.

ती दोन दातेरी चाकं मात्र काय अवतारात होती! काळीकुट्ट, चिकट. वर दोन्हींवर गेटच्या रंगाचा लाल थेंब उडालेला. देवापुढे असं ठेवायचं? आधी रॉकेलने धुतली, मग राख आणि काथ्या घेऊन अशी घासली की तोंड दिसावं. रंगाचे थेंब सुटता सुटेनात, तेही नखाने खरवडून काढले. मग हळदीकुंकू. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून गोडेतेलात कालवलं आणि प्रत्येक चाकाला एकेक ठसठशीत बोट लावलं. बाकीच्या हत्यारांनाही. वर झेंडूची फुलं अशी रचली की सगळं झाकून गेलं.

मामंजी कंपनीतली मशीनची पूजा आटोपून आले, लांबूनच हात जोडले आणि म्हणाले, "तुझ्या सासूनंतर पहिल्यांदा झाली गं पूजा घरात." पुरणपोळ्या थोड्या करपल्या होत्या, पण त्यांनी आवडीने खाल्ल्या.

११ ऑक्टोबर, दसरा

हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून गाडीला सुट्टी. कुसुमताई नगरपालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांचा आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळं घर पांढरे कपडे घालून देहूरोडच्या विहाराला जाऊन आलं. त्यांनी खीर दिली, मी सोनं दिलं.

"बोलले का गं दोघे?" त्यांनी विचारलं.

"इंजिन उघडलंय, तोंडं नाही," मी म्हटलं. कुसुमताई हसल्या. कोणीतरी हसलं एकदाचं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज यांनी चेन बसवली. परातीतून चाकं उचलून पंच्याने वरवर पुसली. "खुणा केल्यात म्हणाले होते ना?"

"हो. ठिपक्याला ठिपका आला पाहिजे."

यांनी चाकं फिरवून पाहिली. "हां, आहेत की. लाल." मग खालचं चाक, वरचं चाक, त्यावर चेन, आणि फटाफट झाकणही बंद. हात पुसताना म्हणाले, "काही म्हण, म्हातारा खूण मात्र झकास करतो. आंधळ्यालाही दिसेल अशी."

एवढी स्तुती! मी दुपारभर जपून ठेवली आणि मामंजी आल्याबरोबर सांगितली. "म्हातारा" तेवढं गाळलं. रात्री त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली. मला वाटतं, जमतंय आता.

१५ ऑक्टोबर, रविवार

काही जमत नाही.

मामंजींनी पुली, पंखा, रेडिएटर सगळं चढवलं. पाणी भरलं, गाडीला हळदीकुंकू वाहायला मला बोलावलं आणि किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली, अंगभर हादरली आणि फाट्! असा बार झाला की वडावरचे कावळे उडाले. काळ्या धुराचा लोट कुसुमताईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेला. दुसऱ्यांदा फिरवली, दुसरा बार. शेजारपाजारचे बाहेर आले. कोणीतरी म्हणालं, "दिवाळी लवकर आली का हो रंगराव?"

मामंजींनी किल्ली काढून खिशात टाकली. मग खाली उतरून म्हणाले, "चेन चुकीची बसलीय. सांग त्याला."

१६ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री हे कामावरून आल्यापासून नुसते निरोप पोचवतेय. असे निरोप, की पोचवताना माझीच जीभ अडखळत होती.

"सांग त्यांना, खुणेप्रमाणेच बसवलीय मी. खूणच चुकली असेल. चष्मा बदला म्हणावं."

"सांग त्याला, तीस वर्षं इंजिन बांधतोय मी. माझी खूण चुकत नाही."

"सांग त्यांना, तीस वर्षं ट्रक बांधलेत. ही गाडी आहे."

आणि मग मामंजी म्हणाले ते मी लिहू नये, पण लिहिते. "सांग त्याला, काम अर्धवट टाकून जायची सवयच आहे त्याची. नोकरी काय न् इंजिन काय."

हे सांगायला नको होतं. गाळता आलं असतं. पण इतके दिवस जसंच्या तसं पोचवायची सवय लागली होती, सांगून गेले. यांनी हातातलं ताट सरकवलं. सायकलला डबा लावला आणि म्हणाले, "पाडवा झाला की निगडी. ठरलं. सामानाला लाग."

सामान काय बांधू? एक ट्रंक माझी, ती उघडून बसले आणि रडले. ओटा नको, मांडणी नको. मला वाईट वाटतंय ते याचं, की चार दिवसांपूर्वी तिसरी भाकरी मागितलेला माणूस आज जेवलाच नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

निघोज्याहून माझे आबा आले. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि तोंडभरून हसू. आमचा पहिला दिवाळसण आहे, त्याचं आमंत्रण द्यायला.

"पाडव्याला गाडीनंच यायचं बरं का याही," ते मामंजींना म्हणाले. "म्या गावात समद्यांना सांगून ठिवलंय. जावई आन् याही, दोघंबी पुढच्या शिटावर बसून येनार. गावात मोटार येनं काय रोजचं हाय व्हय? पोरं वेशीपासनं पळत येत्याल बगा."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा निवडायला लागले. शेंगा निवडायच्या नसतात, पण दुसरं काही सुचेना.

"येऊ की," मामंजी म्हणाले.

आबा बसला गेल्यावर मामंजींनी गाडीचं बॉनेट उघडून परत बंद केलं. मग आत येऊन म्हणाले, "सांग त्याला, गुरुवारी मी रजा टाकतोय." तीस वर्षांत दुखण्याशिवाय रजा न घेतलेला माणूस हा. रात्री हे कामावरून आल्यावर मी सांगितलं. हे सायकलची हवा बघत म्हणाले, "मी घरीच आहे म्हणावं."

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं नीट लिहून ठेवते, कारण मला स्वतःला अजून उलगडा झालेला नाही.

सकाळी दोघे गाडीच्या दोन बाजूंना उभे. मध्ये मी. "सांग त्याला, बादली सरकव म्हणावं." बादली दोघांच्या मधोमध होती. हे ऐकत होते. मी सांगितलं, मग यांनी सरकवली. असं करत करत रेडिएटर निघाला, पुली निघाली, आणि पुढचं झाकण निघालं तेव्हा मी चहा घेऊन आले.

दोघांची डोकी आत. कोणी काही बोलत नव्हतं, पण हे नेहमीचं न बोलणं नव्हतं. आत सगळं तेलात लालसर ओघळलेलं होतं. मामंजींनी बोटाने थोडं पुसून घेतलं आणि वास घेतला. मग ते बोट यांच्या नाकाशी धरलं. यांनी वास घेतला. मग दोघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मी म्हटलं. "साखर घातलीय चहात."

मामंजी खाकरले. आणि यांच्याकडे बघून, सरळ यांच्याकडे बघून, म्हणाले, "चूक माझी आहे. खूण मी चुकीच्या दाताला केली."

हे म्हणाले, "नाही बापू. तुमची खूण बरोबरच असणार. बसवताना मीच दात चुकलो."

"अरे, मी सांगतोय ना, माझी चूक."

"तुमची कशी? बसवली कोणी? मी बसवली."

"खूण कोणी केली?"

"खुणेचं नावच काढू नका तुम्ही! माझीच चूक आहे."

"आवाज चढवू नकोस. बापाला शिकवतोस? माझी चूक म्हटलं ना!"

चांगले खेकसत होते एकमेकांवर. सोळा तारखेला दोघे शपथेवर सांगत होते की चूक दुसऱ्याची, आणि आज स्वतःची म्हणून हट्टाला पेटले. मला एकीकडे हसू येत होतं, एकीकडे डोळ्यांत पाणी. मी मध्ये पडून म्हटलं, "अहो, नक्की कोणाची ते तरी ठरवा." तर दोघे एकदमच म्हणाले, "तू चहा आण." चहा माझ्या हातातच होता.

मग दोघांनी चाकं काढून धुतली आणि मूळच्या कारखान्यातल्या ठोकलेल्या खुणा शोधायला लागले. झिजून झिजून टाचणीच्या डोक्याएवढ्या उरल्या होत्या. "ही बघ." "ही नाही, ओरखडा आहे तो." "चष्मा पुसा बापू." "तू पुस." दुपारपर्यंत चेन बसली. आधी हाताने हँडल मारून इंजिन फिरवलं, मग सगळं चढवलं आणि मामंजींनी किल्ली यांच्या हातात दिली. यांनी ती परत त्यांच्या हातात दिली. शेवटी मीच म्हटलं, मी फिरवू का? तेव्हा मामंजी बसले. इंजिन इतकं शांत सुरू झालं की मी विचारलं, "झाली का सुरू?"

जेवताना हे म्हणाले, "पुढच्या वर्षी खंडेनवमीची पूजा मी मांडणार."

"मी पण असेन," मामंजी म्हणाले.

दोघांना अचानक एवढी भक्ती कुठून आली कोण जाणे. मला जरा लागलंच. "माझ्या पूजेत काही कमी पडलं का?"

"नाही गं पोरी," मामंजी म्हणाले, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिले. "तुझी पूजा अगदी पोचली."

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

कुसुमताईंना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मध्येच विचारलं, "शालन, कुंकू कशात कालवलं होतंस गं?"

"गोडेतेलात. आणि चाकं आधी रॉकेलने घासून लख्ख केली होती. का?"

कुसुमताई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. काय झालं म्हणून विचारलं तर हात हलवून म्हणाल्या, "काही नाही. तुझ्या घरातली माणसं फार चांगली आहेत गं."

ते मला माहीतच आहे. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

हे अजून निगडीबद्दल काही बोलले नाहीत. ट्रंक तशीच अर्धी भरून ठेवलीय. विचारायचा धीर होत नाही.

२ नोव्हेंबर, भाऊबीज

काल पाडव्याला निघोज्याला जाऊन आलो. गाडीने! वेशीपासून पोरं पळत आली, आबा सगळ्यांच्या पुढे पळत आले. यांच्या अंगाला आईने स्वतः तेल लावलं, ओवाळलं. आबांनी मामंजींना विचारलं, "मोटार लई गुमान चालतीय. कुनी नीट केली म्हनायची?" मामंजींनी यांच्याकडे बोट केलं. यांनी मामंजींकडे केलं. आबा गोंधळले.

परत येताना मी मागे बसले होते, मांडीवर फराळाचा डबा. मामंजी चालवत होते, हे शेजारी. चाकणच्या फाट्यापासून दोघांचं चालू होतं, गिअर कुठे बदलायला हवा होता त्यावरून.

"निगडीच्या खोल्यांचं उद्या कळवायचंय," हे म्हणाले.

मामंजींनी हॉर्न दिला. एक बैलगाडी मागे गेली.

"गाडी उभी करायला जागा आहे का तिथं?" त्यांनी विचारलं.

"आहे. दारातच."

"खोल्या दोनच?"

"दोन. पण पुढची मोठी आहे. तुमची खाट बसते. मी मापून आलोय."

"कधी मापलीस?"

"शुक्रवारी."

"मला न सांगता?"

"आता सांगतोय की."

मामंजींनी गिअर बदलला. "मोरी कुठल्या बाजूला आहे?"

एवढं सगळं ठरलं, आणि कोणी मला काही पोचवायला सांगितलं नाही. मी फराळाच्या डब्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. इतकं रडले की नाक गळायला लागलं. पुढच्या दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मोशी गेली, भोसरी गेली, तरी मोरीचं पाणी कुठे काढायचं यावरूनच त्यांचं चालू होतं.